एक धरण, एक माळ, तीन विद्याशाखा: लोणी देवकरच्या परिसरात संशोधक काय शोधतात?

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडले की इंदापूरच्या अलीकडे लोणी देवकर लागते. रस्त्यालगत औद्योगिक वसाहत, दक्षिणेकडे माळरान आणि उत्तरेला उजनीचे बॅकवॉटर. गाडी थांबवून पाहावे असे इथे काही आहे, असे प्रवाशाला वाटत नाही. संशोधकांना मात्र वाटते. धरणात गाळ किती साचला, पाणी हिरवे का पडते, स्थानिक मासे कुठे गेले, माळाला 'पडीक' कोणी ठरवले आणि बुडालेल्या गावांच्या आठवणी कुठे नोंदल्या गेल्या, हे सगळे प्रश्न याच पट्ट्यातले आहेत. ते विचारणारे लोक मात्र वेगवेगळ्या विभागांत बसतात: कोणी अभियांत्रिकीत, कोणी पर्यावरणशास्त्रात, कोणी मराठीच्या विभागात. एकाच शिवाराबद्दल या तिघांना काय दिसते, ते समजून घेऊ.

धरण 'उणे ६० टक्के' म्हणजे काय?

दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर फिरणारा हा आकडा अनेकांना बुचकळ्यात टाकतो. पाणी शून्याच्या खाली कसे जाईल?

उजनी धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे. एक टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर. या ११७ पैकी ५३.५७ टीएमसी पाणी 'उपयुक्त' आणि ६३.६६ टीएमसी 'मृतसाठा' मानला जातो. म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणी कागदोपत्री मृतच आहे. जलाशयाची पातळी ४९१.०३ मीटरच्या खाली गेली की उपयुक्त साठा संपला असे धरतात आणि तिथून टक्केवारी उणे मोजायला सुरुवात होते. ही टक्केवारी काढतात ती उपयुक्त साठ्याच्या मानाने. जून २०२४ मध्ये उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ पोहोचले, तेव्हा मृतसाठ्यातले सुमारे ३२ टीएमसी पाणी गेलेले होते. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तेच धरण १०० टक्के भरले.

अभियंत्याचा खरा प्रश्न पुढे आहे. धरणावर मोजली जाते ती पाण्याची पातळी. साठा मोजला जात नाही, तो तक्त्यातून वाचला जातो. अमुक पातळीला तमुक टीएमसी, असा हा तक्ता. पण तक्ता ज्या तळावर आधारलेला असतो, तो तळ दर पावसाळ्यात बदलतो. उजनी १९८० मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून भीमेने वरून आणलेली माती या जलाशयात बसते आहे. गाळ फक्त अगदी तळाशी, म्हणजे मृतसाठ्यात बसतो, असा एक सोयीचा समज आहे. नदी जिथे जलाशयात शिरते तिथेच तिचा वेग मंदावतो आणि जड वाळू-माती तिथेच खाली बसते. ही जागा उपयुक्त साठ्याचीही असते. त्यामुळे जुना तक्ता वापरला तर पातळी बरोबर येते, पाणी मात्र कागदावर जास्त दिसते. सोलापूर शहराच्या पिण्याच्या पाण्याचे नियोजन याच धरणाच्या आकड्यांवर होत असेल, तर हा फरक विद्वानांपुरता राहत नाही.

गाळ मोजायचा कसा? पूर्वी होडीतून खोली मोजत फिरावे लागे. आता नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या, 'मेरी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संस्था उपग्रहचित्रेही वापरतात. वर्षभरात वेगवेगळ्या पातळ्यांना पाण्याचा पसारा किती होता, हे चित्रावरून मोजायचे, त्यावरून दोन पातळ्यांमधले घनफळ काढायचे आणि जुन्या तक्त्याशी ताडून पाहायचे. यात एक गंमत आहे. उपग्रहाला पाण्याखालचे दिसत नाही. पाणी जितके खाली जाईल, तितका तळ उघडा पडतो आणि तितका अभ्यास पक्का होतो. शेतकऱ्याला नकोसे झालेले दुष्काळी वर्ष गाळ मोजणाऱ्याला हवेसे असते.

उजनीची आणखी एक अडचण तिच्या आकारातच आहे. मृतसाठ्याची पातळी आणि धरण भरल्याची पातळी (४९६.८३ मीटर) यांत अंतर जेमतेम ५.८ मीटर, आणि त्यात ५३.५७ टीएमसी पाणी मावते. म्हणजे हा जलाशय खोल रांजण नव्हे, पसरट परात आहे. परातीतले पाणी उन्हाने लवकर उडते.

पाणी वाचवण्याच्या प्रयत्नांत बारामतीचे नाव अलीकडे जगभर पोहोचले. शारदानगरच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने ऑक्सफर्ड विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या साथीने उसासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर सुरू केला. जमिनीतला ओलावा, हवामान आणि उपग्रहाची माहिती एकत्र करून शेतकऱ्याला मोबाइलवर सल्ला मिळतो. २०२५ च्या सुरुवातीला मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नाडेला यांनी या प्रयोगाचा जाहीर उल्लेख केला. एकरी पाणी वाचले तरी वाचलेल्या पाण्यावर आणखी ऊस लागला तर नदीच्या वाट्याला काय येईल, या प्रश्नाचे उत्तर मात्र कोणतेही ॲप देत नाही.

पक्षी आले म्हणजे पाणी चांगले का?

हिवाळ्यात कुंभारगाव, डाळज, पळसदेव परिसरात फ्लेमिंगो, म्हणजे रोहित पक्षी पाहायला गर्दी होते. भादलवाडीच्या तलावावर आणि इंदापूर तहसील कचेरीच्या आवारातल्या झाडांवर चित्रबलाकांची वीण होते. ज्या आवारात सात-बाऱ्याच्या कामासाठी हेलपाटे घालावे लागतात, तिथेच डोक्यावर पिल्लांचा कलकलाट चालू असतो.

पक्षी आले की पर्यावरण चांगले, असा निष्कर्ष बातम्यांत सर्रास काढला जातो. अभ्यासक इतके निश्चिंत नाहीत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठा, पवना, इंद्रायणीतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येते. त्यातले नायट्रोजन आणि फॉस्फरस म्हणजे शेवाळासाठी खतच. पाणी हिरवे पडते, जलपर्णी वाढते. दिवसा हे शेवाळ प्राणवायू सोडते. रात्री मात्र तेच प्राणवायू वापरते. म्हणून मासे मरायची वेळ बहुधा पहाटेची असते. रोहित पक्षी उथळ चिखलातले शेवाळ आणि बारीक जीव चोचीने गाळून खातो. पाण्यात पोषकद्रव्ये वाढली की काही काळ त्याचे अन्न वाढूही शकते. थोडक्यात, पक्ष्यांची मोजणी हे पाण्याच्या शुद्धतेचे प्रमाणपत्र होत नाही. पाणी कसे आहे ते पाणी तपासूनच कळते.

कोळ्यांचे शब्द लॅटिन नावांत कसे गेले?

भिगवणच्या मासळी बाजारात आज सर्वाधिक बोलबाला चिलापीचा आहे. चिलापी म्हणजे तिलापिया, मूळची आफ्रिकेची. भारतात ती १९५२ मध्ये आणली गेली. घाण पाणी, कमी प्राणवायू, गर्दी, सगळे ती सोसते. मच्छीमाराला ती रोजचे पैसे देते, म्हणून तिला नुसतेच 'परकी' म्हणून झिडकारता येत नाही. प्रश्न हा, की तिच्या आधी इथे कोण होते?

उत्तरासाठी जवळपास दोनशे वर्षे मागे जावे लागते. ईस्ट इंडिया कंपनीचा लष्करी अधिकारी विल्यम हेन्री साइक्स १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करत होता. लोकसंख्या, पिके, पाऊस यांच्या जोडीने त्याने पक्षी आणि मासेही नोंदवले. १८३९ मध्ये दख्खनच्या माशांवरचे त्याचे लिखाण लंडनच्या प्राणिशास्त्र सोसायटीने प्रसिद्ध केले. भीमा आणि मुळा-मुठेच्या काठी जी नावे त्याच्या कानी पडली, त्यांतली अनेक त्याने थेट शास्त्रीय नावांत घेतली. टॉर खुद्री, लेबियो बोगट, सिऱ्हिनस फुलंगी, हिप्सेलोबार्बस कोलस: यांतला पहिला शब्द वर्गीकरणाचा, दुसरा इथल्या लोकांच्या तोंडचा. इंग्रजाच्या कानाने ऐकलेला, म्हणून थोडा वाकडा झालेला, पण इथलाच.

म्हणून साइक्सची यादी दोन विद्याशाखांची आहे. मत्स्यशास्त्रज्ञाला ती आधाररेषा पुरवते: तेव्हा काय होते ते कळले, तरच आज काय गेले ते सांगता येते. पुण्यातल्या अभ्यासकांनी मुळा-मुठेच्या जुन्या नोंदी आजच्या माशांशी ताडून अनेक जाती नाहीशा झाल्याचे दाखवले ते याच पद्धतीने. भाषेच्या अभ्यासकासाठी तोच दस्तऐवज १९ व्या शतकातल्या नदीकाठच्या मराठीचा नमुना आहे. मासा जाळ्यात यायचा थांबला की त्याचे नावही एका पिढीत बोलण्यातून जाते. मग उरते ते फक्त लॅटिन.

माळ 'पडीक' कोणी ठरवला?

या प्रश्नाच्या उत्तरात इंदापूरला इतिहासात खास जागा आहे, आणि खुद्द इंदापुरात ती फारशी सांगितली जात नाही.

पेशवाई संपल्यावर कंपनी सरकारला शेतसारा ठरवायचा होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल या अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाचा हिशेब करून १८३० च्या सुमारास आकारणी केली. ती पुस्तकी अर्थशास्त्राला धरून होती आणि रयतेला झेपणारी नव्हती. मोजणीही सदोष निघाली. शेते ओस पडली, लोक गावे सोडून गेले. तेव्हा १८३५-३६ मध्ये हेन्री गोल्डस्मिड आणि जॉर्ज विंगेट या दोघांना इंदापुरात नव्याने पाहणी करायला पाठवले गेले. विंगेट हा लष्करी अभियंता. त्यांनी उत्पन्नाचा बारीक हिशेब सोडून जमिनीकडे पाहिले. मातीची खोली, रंग, चुनखड, उतार, वाळू यांवरून तिची प्रत आण्यांत ठरवली: सोळा आण्याची जमीन उत्तम, मग उतरती. सारा ३० वर्षांसाठी कायम झाला. पुढे १८४७ मध्ये हे नियम एका अहवालात पक्के झाले आणि मुंबई इलाख्याच्या रयतवारी मोजणीचा पाया ठरले. लोणी देवकरचे शिवार ज्या तालुक्यात आहे, तिथे ही पद्धत पहिल्यांदा अजमावली गेली.

रयतेला दिलासा देणाऱ्या या मोजणीची एक बाजू पर्यावरणाच्या अभ्यासकांना खटकते. जमिनीची किंमत पिकाच्या क्षमतेवरच ठरली. ज्यात पीक येत नाही तो 'पोटखराबा'. सात-बाऱ्यावर हा शब्द आजही आहे. पण जिथे दीड वीत मातीखाली मुरूम लागतो, तिथे गवत उगवते, आणि गवताच्या आधाराने चिंकारा, लांडगा, खोकड आणि धनगरांची मेंढरे जगतात. इंदापूर तालुक्यातले कडबनवाडीचे माळरान याचे चांगले उदाहरण. तिथे आणि बारामती तालुक्यातल्या शिर्सुफळला वनविभागाने अलीकडे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. ज्याला कागदाने 'खराबा' म्हटले, त्याचे आता तिकीट काढावे लागते.

माळावरच्या लांडग्यांपुढे आणखी एक संकट आहे. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि भटका कुत्रा यांचा संकर होत असल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखवून दिले. वस्ती, कचरा आणि कुत्री माळात शिरली की हे होते.

याच उथळ जमिनीवर अगदी उलट दिशेने काम करणारी संस्थाही जवळच आहे. बारामतीजवळ माळेगाव खुर्द येथे २००९ मध्ये राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था उभी राहिली. दुष्काळ, उष्णता, खारपड यांसारख्या ताणांत पिके कशी तगवायची, हा तिचा विषय. खडकाळ मुरमाड जमिनीत फळबागा कशा लावता येतील, ड्रॅगन फ्रूटसारखे कमी पाण्यावरचे पीक कसे घ्यावे, यावर तिथे काम होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे वरदान. गवताळ माळ वाचवू पाहणाऱ्याच्या दृष्टीने मात्र प्रत्येक यशस्वी प्रयोगाबरोबर माळ थोडा आक्रसतो. दोन्ही संशोधने प्रामाणिक आहेत. त्यांचा सामना अजून एका टेबलावर झालेला नाही.

साहित्याच्या अभ्यासकाचे इथे काय काम?

बारामतीत साहित्य म्हटले की पहिले नाव मोरोपंतांचे. १७२९ मध्ये पन्हाळ्याला जन्मलेला हा कवी बारामतीत कऱ्हाकाठी राहिला आणि १७९४ मध्ये तिथेच वारला. त्यांच्या आर्यांवर आणि १०८ रामायणांवर पिढ्यान्पिढ्या लिहिले गेले आहे. पण या परिसरातले साहित्य पोथीत जितके आहे, तितकेच पोथीबाहेर आहे. जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठाचे गुंथर सोन्थायमर धनगरांच्या तोंडच्या ओव्या ऐकत फिरले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ मध्ये आला. माळ, मेंढरे आणि देव यांचे नाते त्यांनी ओव्यांतून उलगडले. गवताळ प्रदेशाचा अभ्यासक मेंढरांचे जुने मार्ग शोधू लागला, तर त्याला हा ग्रंथ नकाशाइतका उपयोगी पडेल.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचे नाव, गाव, विषय अशा नोंदींसह त्या आता 'पारी'च्या संकेतस्थळावर आहेत. माहेर, शेत, पाऊस, नदी, सासुरवास: सरकारी अहवालात ज्यांना रकाना नसतो, ते सगळे यात आहे.

आणि मग विस्थापन. उजनीच्या पाण्याखाली सुमारे २९ हजार हेक्टर जमीन गेली. पळसदेवचे जुने हेमाडपंती मंदिर दुष्काळी उन्हाळ्यात पाण्याबाहेर येते, तेव्हा पाहायला लोक येतात, फोटो काढतात. त्या मंदिराभोवती गाव होते. राज्याचा पहिला पुनर्वसन कायदा १९७६ चा, म्हणजे उजनीचे काम सुरू झाल्यानंतरचा. धरणग्रस्तांची फरफट मराठी कादंबरीत ठळकपणे आली ती विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'मध्ये. तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा कादंबरीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला 'प्रत्यक्षात याचा काय उपयोग' हा प्रश्न हमखास विचारला जातो.

उपयोग पाण्याच्या काठावर दिसतो. नदी होती तेव्हा पलीकडचे गाव शेजारचे होते. जलाशय झाला आणि तेच गाव होडीच्या अंतरावर गेले. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातल्या कुगावहून इंदापूर तालुक्यातल्या कळाशीकडे येणारी बोट वादळात उलटली आणि सहा जण बुडाले. धरणाच्या खर्च-लाभाच्या तक्त्यात हे अंतर कधी मांडले गेले नव्हते. ते माणसांच्या सांगण्यात होते.

मग या तीन शाखा भेटतात कुठे?

कागदावर त्या रोज भेटतात. 'बहुविद्याशाखीय' म्हणवणाऱ्या नियतकालिकाचा अंक उघडला की काँक्रीटच्या मिश्रणावरचा निबंध, नदीच्या पाण्याच्या तपासणीवरचा निबंध आणि दलित आत्मकथनावरचा निबंध एकापाठोपाठ सापडतात. पण एका अंकात बांधले गेले म्हणजे एकमेकांनी वाचले असे होत नाही. शिवाय यातली बरीच नियतकालिके पैसे घेऊन काहीही छापणारी निघाली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिके तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक कमी दर्जाची असू शकतात, असे त्यांना आढळले. त्यानंतर 'केअर' यादी आली. २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. पीएचडीचा प्रबंध सादर करण्याआधी निबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांनी काढली. दबाव थोडा कमी झाला. वाचक मात्र आपोआप वाढत नाहीत.

खऱ्या अर्थाने तीन शाखा भेटल्या त्या एका भांडणात. एप्रिल २०२१ मध्ये उजनीतून इंदापूर तालुक्यासाठी ५ टीएमसी पाणी उचलण्याच्या सर्वेक्षणाचा आदेश निघाला. हे सोलापूरच्या वाट्याचे पाणी नव्हे, पुणे-पिंपरीतून धरणात येणारे सांडपाणी आहे, असे समर्थकांचे म्हणणे. सोलापूर जिल्ह्यात आंदोलन पेटले आणि मे महिन्यात आदेश रद्द झाला. वाद राजकीय होता, पण त्याच्या पोटात तीन साधे प्रश्न होते. सांडपाणी म्हणून वर्षाला नेमके किती पाणी धरणात येते, हे अभियंता मोजू शकतो. ते कोणत्या प्रतीचे असते आणि शेतात गेल्यावर जमिनीचे काय करते, हे पर्यावरणाचा अभ्यासक सांगू शकतो. आणि एकाच पाण्याला एका काठावर 'सांडपाणी' आणि दुसऱ्या काठावर 'हक्काचे पाणी' का म्हणतात, हे शब्दांचा अभ्यास करणाऱ्याला विचारावे लागते. आंदोलनात घोषणा पुष्कळ झाल्या, ही तिन्ही उत्तरे एकत्र कोणी मांडली नाहीत.

मोबाइलवर काय पाहता येते?

उजनीची रोजची पातळी आणि साठा जलसंपदा विभाग प्रसिद्ध करतो. उणे टक्केवारी दिसली तर तिला ५३.५७ ने गुणून १०० ने भागावे, मृतसाठ्यातून किती टीएमसी गेले ते कळते. पीएचडीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. भीमा, उजनी, इंदापूर असे शब्द घालून शोधले की रसायनशास्त्रापासून मराठीपर्यंतची यादी समोर येते. जात्यावरच्या ओव्या 'पारी'वर ऐकता येतात. डेक्कन कॉलेजने केलेल्या मराठी बोलींच्या सर्वेक्षणात वेगवेगळ्या जिल्ह्यांतल्या लोकांचे बोलणे ध्वनिमुद्रित केलेले आहे, तेही खुले आहे. पक्ष्यांच्या नोंदी 'ईबर्ड'वर कोणालाही पाहता येतात आणि भरताही येतात. माशांच्या स्थानिक नावांची अशी यादी मात्र अजून भिगवणच्या बाजारात उभे राहून, वयस्क मच्छीमारांना विचारूनच करावी लागेल.